बाबासाहेबांचे उदाहरण, घरातला अबोला आणि मुलांचे नैराश्य

"बाबासाहेब दिव्याच्या उजेडात शिकले. तुला लाईट आहे, पंखा आहे, मोबाईल आहे. मग घोडं पेंड कुठं खातंय?"

हे वाक्य आपल्यापैकी बहुतेकांनी घरी ऐकले आहे. आज आपल्यातले काही जण तेच लहान भावंडांना ऐकवतात. बोलणाऱ्याचा हेतू वाईट नसतो. पोरगं शिकावं, आपण भोगलं ते त्याच्या वाट्याला येऊ नये, एवढीच आईबापाची इच्छा असते. पण ज्या मुलाला आधीच सकाळी अंथरुणातून उठावेसे वाटत नाही, पुस्तक उघडले की अक्षरे पुढे सरकत नाहीत, त्याच्या कानावर हे वाक्य वेगळेच पडते. 'सगळे असूनही मला जमत नाही, म्हणजे मीच नालायक' असा अर्थ तो काढतो आणि गप्प होतो. घराला वाटते, पोरगं सुधारलं.

किशोरवयीन मुलांमधील नैराश्य आणि घरातील नातेसंबंध या विषयावर आपल्या चळवळीत फार कमी बोलले जाते. सातारा आणि सांगली जिल्ह्यांतील तरुण व कार्यकर्त्यांना उपयोगी पडेल अशी माहिती आम्ही येथे एकत्र देत आहोत. सुरुवात बाबासाहेबांच्याच बालपणापासून करू, कारण ते आपण अर्धेच सांगतो.

साताऱ्यातील ते घर

७ नोव्हेंबर १९०० रोजी साताऱ्याच्या शासकीय शाळेत, म्हणजे आजच्या प्रतापसिंह हायस्कूलमध्ये, भिवा रामजी आंबेडकर या मुलाचे नाव दाखल झाले. २०१७ पासून हा दिवस राज्यात विद्यार्थी दिवस म्हणून साजरा होतो. शाळाप्रवेशाची ही गोष्ट आपल्याला पाठ असते. त्या वेळी घरात काय चालले होते ते मात्र सहसा सांगितले जात नाही.

आई भीमाबाई १८९६ मध्ये साताऱ्यातच वारल्या. तेव्हा भिवा अवघा पाच वर्षांचा होता. पुढे वडील रामजी खटाव तालुक्यातील गोरेगावला रोखपालाच्या नोकरीवर गेले. दुष्काळग्रस्तांना काम मिळावे म्हणून तेथे तलावाचे खोदकाम सुरू होते. मोठ्या बहिणी लग्न होऊन सासरी गेलेल्या. घरात राहिली चार मुले आणि त्यांची आत्या मीराबाई. आत्या अतिशय मायाळू होती, पण पायांच्या दुखण्यामुळे तिला धड चालताही येत नसे. मुले शाळा करून स्वतःच स्वयंपाक करत. भाकरी जमत नसे, म्हणून पुलाव करून दिवस काढत. हे सगळे बाबासाहेबांनी स्वतःच्या आठवणींत लिहिले आहे.

१९०१ च्या उन्हाळ्यात वडिलांनी मुलांना गोरेगावला बोलावले. मुलांनी येत असल्याचे पत्र पाठवले, नवे कपडे घातले आणि रेल्वेने मसूर स्थानक गाठले. न्यायला कोणी आले नव्हते. पुढे गाडीवाल्यांनी नकार दिला, दुप्पट भाडे मोजून मुलांनी स्वतः बैलगाडी हाकली, रात्रभर पाणी मिळाले नाही. अस्पृश्यतेचा हा प्रसंग सर्वांना माहीत आहे. त्यातली एक बाब मात्र नजरेआड राहते. वडिलांचे मुलांकडे दुर्लक्ष नव्हते. नोकराला पत्र मिळाले होते, पण त्याने ते रामजींपर्यंत पोचवलेच नाही.

चरित्रकार धनंजय कीर यांनी आणखी एक प्रसंग नोंदवला आहे. वडिलांनी दुसरे लग्न केले तेव्हा भिवा मनातून दुखावला. घर सोडायचे आणि मुंबईच्या गिरणीत काम शोधायचे असे त्याने ठरवले. प्रवासखर्चासाठी आत्याच्या कमरेची पिशवी पळवायचा तो अनेक रात्री प्रयत्न करत राहिला. अखेर पिशवी हाती लागली, तर तिच्यात फक्त अर्धा आणा निघाला. मग स्वतःचीच लाज वाटून त्याने अभ्यासाला लागायचे ठरवले.

बाबासाहेबांना नैराश्य होते असे आम्ही म्हणत नाही, तसे म्हणायला काही आधारही नाही. आमचे म्हणणे इतकेच की ज्यांचे उदाहरण देऊन आपण मुलांना गप्प करतो, ते स्वतः आईविना वाढले, घरावर रागावले आणि पळून जायला निघाले होते. त्यांना सावरणारी माणसेही होती. रात्री शेजारी झोपणारी आत्या होती. ऐपत नसताना लेकींचे दागिने गहाण टाकून पुस्तके आणणारा बाप होता. गोष्ट पूर्ण सांगितली तर मुलाला तिच्यातून धीर येतो. अर्धी सांगितली की तिची छडी होते.

उदासी वेगळी, नैराश्य वेगळे

वाईट वाटणे हा आजार नाही. परीक्षेत नापास झाल्यावर, मैत्री तुटल्यावर, घरात मृत्यू झाल्यावर दुःख होणारच. वैद्यकीय अर्थाने नैराश्य तेव्हा म्हणतात, जेव्हा उदास मनःस्थिती किंवा कशातच गोडी न वाटणे हे किमान दोन आठवडे जवळजवळ रोज, दिवसाचा बराच वेळ टिकते आणि सोबत पुढीलपैकी अनेक लक्षणे दिसतात:

– झोप न येणे किंवा फार झोपणे
– भूक व वजनात मोठा बदल
– सतत थकवा, हालचाल मंदावणे किंवा अस्वस्थपणा
– लक्ष न लागणे, साधे निर्णय न घेता येणे
– आपण निरुपयोगी आहोत, सगळी चूक आपलीच आहे असे वाटणे
– मरणाचे किंवा स्वतःला संपवण्याचे विचार

किशोरवयात याचे रूप फसवे असते. मोठा माणूस रडतो, तर चौदा-पंधरा वर्षांचे पोर चिडते. उलट बोलते, दार आपटते, शाळा बुडवते, पोट किंवा डोके दुखते म्हणते. घर त्याला 'माजलंय' म्हणते, शाळा 'बेशिस्त' म्हणते. म्हणून वागण्यात अचानक झालेला आणि टिकून राहिलेला बदल ही सर्वांत महत्त्वाची खूण समजावी.

आकडे काय सांगतात

राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात (२०१५-१६) १३ ते १७ वयोगटातील ७.३ टक्के मुलांमध्ये कोणता ना कोणता मानसिक आजार आढळला. त्या सर्वेक्षणाच्या १२ राज्यांत महाराष्ट्र नव्हता. त्याच सर्वेक्षणानुसार तीव्र नैराश्य असलेल्या सुमारे ८५ टक्के लोकांना उपचारच मिळत नव्हते.

राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या नोंदीप्रमाणे २०२२ मध्ये देशात १३,०४४ विद्यार्थ्यांनी आत्महत्या केली. त्यांपैकी १,७६४ महाराष्ट्रातील होते आणि ही संख्या राज्यांमध्ये सर्वाधिक होती.

याहून विचार करायला लावणारा आकडा २०२१ चा आहे. त्या वर्षी १८ वर्षांखालील १०,७३२ मुलांच्या आत्महत्या नोंदल्या गेल्या. 'परीक्षेतील अपयश' हे कारण ८६४ जणांच्या नावापुढे लागले, तर 'कौटुंबिक समस्या' हे कारण ३,२३३ जणांच्या. म्हणजे जवळजवळ चौपट. निकालाच्या दिवशी आपण सावध असतो, बाकीच्या दिवशी घरात काय चालले आहे तिकडे लक्ष नसते.

हा आकडा जपून वाचावा. कारणाचा रकाना पोलीस भरतात आणि आत्महत्येमागे सहसा एकच कारण नसते. कुटुंबाला दोषी ठरवण्यासाठी तो वापरू नये. मुलाच्या मनःस्वास्थ्याचा विचार घर वगळून करता येत नाही, एवढे मात्र तो स्पष्ट सांगतो.

चीनचा अनुभव

या विषयावर गेल्या काही वर्षांत सर्वाधिक चर्चा झालेल्या देशांत चीन आहे. चिनी विज्ञान अकादमीच्या मानसशास्त्र संस्थेने २०२१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अहवालानुसार २०२० मध्ये तपासलेल्या किशोरवयीनांपैकी २४.६ टक्क्यांमध्ये नैराश्याची लक्षणे आढळली. ७.४ टक्क्यांमध्ये ती तीव्र होती. हा प्रश्नावलीवरून काढलेला आकडा आहे, डॉक्टरांनी केलेले निदान नव्हे. त्यामुळे आपल्या ७.३ टक्क्यांशी त्याची थेट तुलना करता येणार नाही.

तेथील दोन गोष्टी आपल्याला ओळखीच्या वाटतील. पहिली म्हणजे विद्यापीठ प्रवेशाची एकच निर्णायक परीक्षा आणि तिच्याभोवती फिरणारे सगळे घर. दुसरी म्हणजे 'मागे राहिलेली मुले'. आईवडील शहरात कारखान्यात, मुले गावी आजी-आजोबांकडे. २०१० च्या जनगणनेवर आधारित अंदाजानुसार चीनच्या ग्रामीण भागात अशी सुमारे ६ कोटी १० लाख मुले होती. या मुलांमध्ये नैराश्याचे प्रमाण अधिक असल्याचे तेथील अनेक अभ्यासांतून पुढे आले. पैसे वेळेवर येत होते. कमी पडत होते ते रोजचे बोलणे.

चीन सरकारने २०२० मध्ये माध्यमिक शाळा व महाविद्यालयांतील आरोग्य तपासणीत नैराश्याची चाचणी समाविष्ट करण्याचे धोरण आणले. २०२१ मध्ये खासगी शिकवण्यांवर कठोर निर्बंध घातले. पण सरकारी आदेशाने शिकवणी बंद होते, जेवणाच्या ताटावर 'किती मार्क पडले?' हा प्रश्न बंद होत नाही.

आपल्या दोन जिल्ह्यांतली घरे

'मागे राहिलेली मुले' पाहायला आपल्याला चीनला जायची गरज नाही. माण, खटाव, जत, आटपाडी, खानापूर हा दुष्काळी पट्टा पिढ्यान्‌पिढ्या माणसे बाहेर पाठवत आला आहे. साताऱ्याच्या डोंगराळ तालुक्यांतून मुंबईच्या गिरण्यांत आणि माथाडी कामाला माणसे गेली. विटा, खानापूर, आटपाडी भागातील कुटुंबे गलाईच्या व्यवसायात देशभर पसरली आहेत. जतसारख्या भागातून ऊसतोडीला जोडपी जातात. अशा घरांत कधी मूल आजीकडे राहते, कधी वसतिगृहात, कधी शाळा अर्धवट सोडून सोबत फिरते. मुंबईहून, चेन्नईहून फोन येतो. "जेवलास का? अभ्यास करतोस का? पैसे मिळाले का?" तीन प्रश्न आणि तीन 'हो', की फोन संपला.

जी कुटुंबे एकत्र राहतात तिथेही अडचणी आहेत. बापाची दारू आणि रात्रीची भांडणे मुलांच्या मनावर खोल परिणाम करतात. कृष्णाकाठच्या वस्त्यांनी २०१९ आणि २०२१ चे महापूर पाहिले. घराबरोबर वह्या-पुस्तकेही गेली आणि कर्ज वाढले. आईला स्वतःला नैराश्य असेल तर मुलांमध्ये त्याची शक्यता वाढते, हे जगभरच्या अभ्यासांत दिसून आले आहे. शेतमजुरी, घरकाम आणि नवऱ्याची मारहाण एकट्याने सोसणाऱ्या आईला 'मुलाशी प्रेमाने बोल' असा नुसता उपदेश करणे म्हणजे तिच्यावर आणखी एक ओझे टाकणे आहे. तिलाही मदत हवी असते.

मार्कांचे दडपण आहेच. जून २०२५ मध्ये सांगली जिल्ह्यात नीटच्या सराव परीक्षेत कमी गुण पडले म्हणून झालेल्या मारहाणीत बारावीच्या एका मुलीचा मृत्यू झाला. गुन्हा तिच्या वडिलांवर दाखल झाला. हे टोकाचे उदाहरण आहे. पण मारल्याशिवाय पोर शिकत नाही ही समजूत टोकाची नाही, ती घरोघरी आहे.

आपल्या मुलांच्या वाट्याला आणखी एक गोष्ट येते. भिवाला शाळेत बसायला वेगळे गोणपाट होते. आजच्या मुलाला 'तुमचं काय, तुम्हाला सवलत आहे' हे वाक्य मिळते. जातीवरून आलेला टोमणा मूल घरी सांगत नाही, कारण आईबाप एक तर भांडायला जातील किंवा 'आपण सोसायचं असतं' म्हणतील. अशा मुलाचे दुःख केवळ गोळीने जाणार नाही, शाळेला जाब विचारावाच लागेल. पण जाब विचारण्याआधी मुलाचे म्हणणे पूर्ण ऐकून घ्यावे लागेल. प्रत्येक उदासीला अन्यायाचे नाव देऊन आजाराकडे दुर्लक्ष करू नये. आजाराचे नाव देऊन अन्यायाकडेही दुर्लक्ष होऊ नये.

घर कशाने सावरते

दीघनिकायातील सिगालोवाद सुत्तात सिगाल नावाचा तरुण सकाळी ओल्या अंगाने सहा दिशांना नमस्कार करताना भगवंतांना दिसतो. भगवंत त्याची चेष्टा करत नाहीत. तू हे का करतोस, असे आधी विचारतात. वडिलांनी मरताना सांगितले म्हणून करतो, असे तो म्हणतो. त्याचे ऐकून घेतल्यावर मगच भगवंत दिशांचा खरा अर्थ सांगतात. पूर्व दिशा म्हणजे आईवडील. मुलांची पाच कर्तव्ये आहेत, तशीच आईवडिलांचीही पाच आहेत. आपण मुलांची तेवढी पाठ करून घेतो. नाते दोन्ही बाजूंनी आहे हे विसरतो.

मानसशास्त्राचे म्हणणेही याच दिशेचे आहे. सतत टीका, दुसऱ्याशी तुलना, मारहाण, आईवडिलांमधील भांडणे आणि अबोला यांनी धोका वाढतो. माया, निश्चित दिनक्रम आणि विश्वासाचे किमान एक मोठे माणूस यांनी तो कमी होतो. ते माणूस आईबापच असले पाहिजे असे नाही. आत्या, मामा, मोठी बहीण, शिक्षक, वस्तीतला दादाही चालेल.

रोजच्या व्यवहारात हे असे करता येईल:

– दिवसातून एक वेळ मुलाशी अभ्यास सोडून दुसऱ्या कशावर तरी बोलावे.
– मूल बोलू लागले की उपदेश थांबवावा. "मग काय झालं?" एवढेच विचारावे.
– "अमक्याचा मुलगा बघ" हे वाक्य घरातून हद्दपार करावे. त्यात बाबासाहेबांचे नावही घालू नये.
– बाहेरगावी असलेल्या आईबापांनी फोनवर "आज कुणाशी बोललास? कशानं वाईट वाटलं?" हेही विचारावे.
– जिवाचे बरेवाईट करण्याचा विचार येतो का, हे शांतपणे थेट विचारावे. विचारल्याने तो विचार मनात पेरला जात नाही, उलट बोलायला वाट मिळते.
– असा विचार येत असल्यास मुलाला एकटे सोडू नये. शेतीची औषधे व घरातील गोळ्या कुलपात ठेवाव्यात आणि त्याच दिवशी मदत घ्यावी.

उपचार आणि हक्क

नैराश्य बरे होऊ शकते. सौम्य आजारात समुपदेशनाचा उपयोग होतो. मध्यम व तीव्र आजारात मानसोपचारतज्ज्ञ समुपदेशनाबरोबर औषधे देतात. या औषधांची नशेसारखी सवय लागत नाही. गुण यायला काही आठवडे लागतात, म्हणून चार दिवसांत बंद करू नयेत. सुरुवातीच्या काळात मुलावर अधिक लक्ष ठेवावे, आणि औषध थांबवायचे ते डॉक्टरांना विचारूनच.

टेली-मानस ही सरकारी दूरध्वनी सेवा १० ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे. क्रमांक १४४१६. ती मोफत असून चोवीस तास चालते आणि मराठीतही बोलता येते. संकटातील मुलांसाठी १०९८ हा क्रमांक आहे. साताऱ्याच्या क्रांतिसिंह नाना पाटील रुग्णालयात, तसेच मिरजेच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात मानसोपचाराची चौकशी करावी. राष्ट्रीय किशोर स्वास्थ्य कार्यक्रमांतर्गत (२०१४) महाराष्ट्रात किशोरवयीनांसाठी 'मैत्री क्लिनिक' चालवली जातात. आपल्या तालुक्यात ते कोठे व कोणत्या वारी असते हे ग्रामीण रुग्णालयात विचारावे. साताऱ्यात परिवर्तन ही संस्था व्यसनमुक्ती व मानसिक आरोग्यावर काम करते.

मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ नुसार उपचार मिळणे हा हक्क आहे. कलम ११५ प्रमाणे आत्महत्येचा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र ताणाखाली होती असे गृहीत धरले जाते. तिला शिक्षा करायची नसते, तिच्यावर उपचार व पुनर्वसन करणे ही सरकारची जबाबदारी असते. त्यामुळे 'केस होईल' या भीतीने कोणी घटना लपवू नये. सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२५ मध्ये दिलेल्या निर्देशांनुसार १०० किंवा अधिक विद्यार्थी असलेल्या शिक्षणसंस्थेत किमान एक पात्र समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा समाजकार्यकर्ता असला पाहिजे. आपल्या गावच्या शाळेत तो आहे का, हे विचारणे आपले काम आहे.

आणि मुलाला 'बाहेरचं लागलंय' म्हणून मांत्रिकाकडे नेले जात असेल तर ते थांबवणेही आपलेच काम आहे. भूत उतरवण्याच्या नावाखाली मारहाण व छळ करणे हा २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याने गुन्हा आहे.

कार्यकर्त्यांसाठी

आपल्या वस्त्यांत जयंतीनिमित्त सलग १८ तास अभ्यासाचा उपक्रम होतो. तो चांगलाच आहे. पण त्याला जोडून महिन्यातून एक तास असा ठेवता येईल, ज्यात मुले बोलतील आणि मोठे ऐकतील. विहारात जागा आहे, बाके आहेत, माणसेही आहेत. गटातील एका तरुणीने व एका तरुणाने प्राथमिक समुपदेशनाचे प्रशिक्षण घ्यावे. मुलाने विश्वासाने सांगितलेले वस्तीत चर्चेला येणार नाही, एवढी शिस्त पाळावी. जीवाला धोका असेल तेवढाच अपवाद. विहाराच्या फलकावर कार्यक्रमपत्रिकेशेजारी १४४१६ हा क्रमांक लिहावा. आईवडील बाहेरगावी असलेल्या मुलांची यादी करावी आणि प्रत्येकामागे एक मोठे माणूस ठरवावे, जे आठवड्यातून एकदा दारात जाऊन विचारपूस करील.

मसूरच्या स्थानकावर मुले वाट पाहत बसली, कारण त्यांचे पत्र बापापर्यंत पोचले नव्हते. आजही मुले पत्र पाठवतातच. ते कधी चिडण्यातून येते, कधी न जेवलेल्या ताटातून, कधी बंद दारातून. त्या पत्राचा नोकर व्हायचे की टपालवाला, हे आपण ठरवायचे आहे.